भाडेपावतीचं शहर

गिरगाव, दादर, परळ किंवा लालबागच्या जुन्या घरातलं लोखंडी कपाट उघडलं, की कुलपाच्या कप्प्यात दोन गोष्टी हमखास सापडतात. थोडंफार सोनं, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेल्या भाडेपावत्या. पावतीवर बहुधा आजोबांचं नाव असतं, घरमालकाच्या मेहत्याची सही असते आणि भाड्याचा आकडा इतका लहान असतो, की नातवंडांना ती छपाईची चूक वाटावी. अडीनडीला सोनं गहाण पडतं, प्रसंगी मोडलंही जातं. पावतीला मात्र कोणी हात लावू देत नाही. चाळ ‘डेव्हलपमेंटला’ गेली, की उद्याचा फ्लॅट याच कागदावर मिळणार असतो.

मध्य मुंबईचा पुनर्विकास म्हटलं, की डोळ्यांपुढे क्रेन आणि रस्त्याकडेचे निळे पत्रे येतात. पण या पट्ट्याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास या कागदाच्या अंगाने जास्त नीट उलगडतो. तो कोणाकडे होता, कोणाकडे नव्हता, आणि ज्याच्याकडे नव्हता त्याचं पुढे काय झालं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे पहिले रुग्ण ओळखले. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली. मागे राहिलेल्यांच्या दारात पथकं आली. छपरांची कौलं काढून खोल्यांत ऊन सोडलं गेलं आणि ज्या खोल्या माणसाच्या राहण्याला अयोग्य ठरल्या, त्यांच्या भिंतींवर ‘यू.एच.एच.’ ही इंग्रजी अक्षरं रंगवली गेली. बहुतेकांना ती वाचता येत नसतील, पण अर्थ लगेच कळला असेल.

रोगाचं मूळ दाटीत आहे, असा निष्कर्ष काढून सरकारने १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा केला. ग्लासगो शहरात १८६६ पासून असाच एक ट्रस्ट काम करत होता. त्याचा कित्ता समोर होता. दाट वस्ती मधोमध कापायची, रुंद रस्ता काढायचा आणि समुद्राची हवा आत घ्यायची, अशी ती कल्पना. गिरगाव चौपाटीकडून डोंगरीच्या दिशेने सँडहर्स्ट रोड निघाला तो असा. आज तो सरदार वल्लभभाई पटेल मार्ग आहे. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आताचा शामळदास गांधी मार्ग, याच ट्रस्टचा. ज्यांची घरं रस्त्यात गेली, त्या मालकांना नुकसानभरपाई मिळाली. भाडेकरूने बोचकं उचलून शेजारच्या गल्लीत दुसरी खोली शोधायची होती. ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या हे खरं, पण पाडलेल्या खोल्यांच्या मानाने त्या उशिरा आल्या आणि कमी पडल्या. एका गल्लीतली दाटी कमी झाली आणि शेजारच्या गल्लीतली वाढली. त्या काळच्या भाडेकरूकडेही पावती असायची, नाही असं नाही. पण ‘महिना भरला’ याखेरीज ती काहीच सिद्ध करत नव्हती.

याच नव्या सँडहर्स्ट रोडवर कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ उभं राहिलं आणि ३ मे १९१३ रोजी तिथे दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. वस्ती कापून काढलेल्या रस्त्यावर भारतीय चित्रपटाचा पहिला पडदा लागावा, हा योगायोग गिरगावकरांनी फारसा मिरवलेला नाही.

ट्रस्टचं खरं यश दादरला दिसलं, कारण तिथे पाडायला फार काही नव्हतं. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या बाजूच्या शेतांवर आणि वाड्यांवर आखीव रस्ते, झाडं आणि मोकळी अंतरं ठेवून वसाहती आल्या. हिंदू कॉलनी आली. ट्रस्टमध्येच अभियंता असलेल्या मंचेरजी जोशी यांच्या खटपटीतून पारशी कॉलनी आली. पश्चिमेला महापालिकेने १९२५ मध्ये माहीम पार्क खुलं केलं. दोन वर्षांनी अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याचं शिवाजी पार्क झालं. मध्यमवर्गाला हवा, उजेड आणि मैदान मिळालं. कामगाराच्या वाट्याला जे आलं, ते वेगळंच होतं.

१९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट सुरू केलं. त्याच्या ‘बीडीडी’ या तीन आद्याक्षरांना मुंबईच्या बोलीत पुढे जे आयुष्य लाभलं, ते खुद्द लॉइडसाहेबांनाही लाभलं नाही. शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवून पैसा उभा करायचा आणि पन्नास हजार खोल्या बांधायच्या, असा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, प्रत्येकीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. या चाळींना गिरगावच्या चाळींसारखी उघडी गॅलरी नाही. मधून बोगद्यासारखा बोळ, दोन्ही बाजूंना दारं, टोकाला सामायिक नळ आणि संडास. नव्या काँक्रीटच्या या खोल्या कामगारांना सुरुवातीला आवडल्याच नाहीत आणि पुष्कळ खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. सत्याग्रहींनी तुरुंग भरले, तेव्हा सरकारने वरळीच्या चाळी तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या. घर आणि कोठडी यांच्या मापात फारसा फरक न करणाऱ्या खात्याचं काम असं सोपं होतं.

तरीही १६० फूट हा आकडा इथून शहराच्या अंगवळणी पडला. पुढची शंभर वर्षं सरकार, घरमालक आणि बिल्डर यांचं सगळं भांडण या आकड्यात किती मिळवायचं, यावरच चाललं.

त्या खोलीत किती माणसं राहत, याचं उत्तर मात्र सरळ नव्हतं. लालबाग-परळला कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी मिळून खोल्या घेतलेल्या असत. ही ‘गावकीची खोली’. भिंतीलगत ट्रंकांची रांग, वर खुंट्यांवर कपडे, कोपऱ्यात गावदेवाची तसबीर. पहिल्या पाळीचा माणूस गिरणीत गेला, की त्याच्या वळकटीच्या जागी रात्रपाळीचा येऊन झोपायचा. गोव्याच्या ख्रिस्ती गावांनी धोबीतलाव भागात चालवलेले ‘कूड’ याच जातीचे. गावाहून नोकरीसाठी आलेला पोरगा थेट तिथे उतरायचा आणि वर्गणी भरून सभासद व्हायचा. जेवायला शेजारची खानावळ. ती एखादी बाई आपल्याच खोलीत पंधरा-वीस जणांचे डबे रांधून चालवायची. गिरणगावातल्या अशा बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. म्हणजे एकच खोली घर होती, वसतिगृह होती आणि कारखानाही होती. पावतीवर मात्र नाव एकच लिहिलेलं असे, आणि पुढे पुनर्विकासाच्या वेळी कितीतरी गावक्यांत वाद पेटले ते या एका नावावरूनच.

कायमच्या जागेची ही ओढ फक्त राहत्या घरापुरती नव्हती. लालबागला पेरू चाळीजवळचा बाजार १९३२ मध्ये बंद झाला. कोळणी आणि फेरीवाले उघड्यावर आले. हक्काची जागा मिळू दे म्हणून त्यांनी नवस केला, जागा मिळाली आणि १९३४ मध्ये गणपती बसला. आज त्याच्या दर्शनाला लागणाऱ्या रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना माहीत असेल, की लालबागचा राजा मुळात एका विस्थापित बाजाराचा देव आहे?

मग आला १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. युद्धकाळात मुंबईत माणसांचा लोंढा आला होता आणि भाडी भडकत होती. कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं हेच प्रमाण धरलं आणि तिथेच गोठवलं. भाडेकरूला घराबाहेर काढणं अवघड केलं आणि त्याच्यामागे घरात राहणाऱ्या कुटुंबालाही हक्क दिला. ‘महिना भरला’ एवढंच सांगणारी पावती एका रात्रीत जवळजवळ मालकीचा दस्त झाली. मालकाचं उत्पन्न थांबलं, पण तोही गप्प बसला नाही. खोली हस्तांतरित होताना मिळणाऱ्या रकमेतला ठरीव हिस्सा घेऊन नव्या नावाची पावती फाडायची, ही पागडीची रीत रुळली. १९९९ च्या कायद्याने तिलाही मान्यता दिली.

या कायद्याला शिव्या देणं सोपं आहे, आणि त्या अगदीच खोट्या नाहीत. दुरुस्तीला पैसा नाही म्हणून इमारती खंगल्या. सर्वोच्च न्यायालयानेच १९९७ मध्ये म्हटलं, की १९४० चं भाडं कायम गोठवून ठेवणं अवाजवी झालं आहे. पण एक प्रश्न अर्थशास्त्राचे जाणकार क्वचितच विचारतात. हा कायदा नसता, तर गिरगावात, लालबागला, नायगावला कारकून, शिक्षक, कंपोझिटर आणि गिरणीतला साचेवाला साठ-सत्तर वर्षं टिकला असता का? उत्तर उघड आहे. न्यूयॉर्कमध्ये १९५० च्या दशकात सॅन हुआन हिल ही वस्ती पाडून रॉबर्ट मोझेस यांनी लिंकन सेंटर उभारलं, तेव्हा सुमारे सात हजार कुटुंबं हलली. बहुतेक भाडेकरूच होते आणि परत त्याच जागी येण्याचा हक्क त्यांना नव्हता. त्या रिकाम्या गल्ल्यांत ‘वेस्ट साइड स्टोरी’ या चित्रपटाचं काही चित्रण झालं आणि मग बुलडोझर फिरला. मुंबईच्या चाळीतल्या भाडेकरूला असं उठवता आलं नाही, कारण कपाटात पावती होती.

खंगलेल्या इमारती पावसाळ्यात कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा केला. शहर विभागातल्या जुन्या इमारतींवर उपकर बसला आणि त्या पैशातून दुरुस्ती होऊ लागली. सुरुवातीला अशा इमारती १९,६४२ होत्या. त्यांतल्या बहुसंख्य १९४० पूर्वीच्या, म्हणजे ‘अ’ वर्गातल्या. उपकरप्राप्त हा शब्द बाहेरच्या माणसाला कळत नाही. गिरगावात तो लग्नाच्या बोलण्यांतही येतो. दुरुस्ती म्हणजे गॅलरीखाली लाकडी टेकू, आणि टेकू म्हणजे पुढच्या वीस वर्षांची सोय. फारच वाईट अवस्था असली, तर चाळ रिकामी करून लोकांना संक्रमण शिबिरात पाठवत. तिथून कित्येक कुटुंबं परतलीच नाहीत; शिबिरात लहानाची मोठी झालेली मुलं तिथेच संसाराला लागली.

काही चाळी पाडून मंडळाने आणि पुढे म्हाडाने, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने, नव्या इमारती बांधल्या. खोल्या साधारण १८० फुटांच्या किंवा त्याहून लहान. अशा ३८८ पुनर्रचित इमारती आता स्वतःच मोडकळीला आल्या आहेत आणि तिथले रहिवासी दुसऱ्यांदा पुनर्विकासासाठी मोर्चे काढत आहेत. एकाच कुटुंबाच्या दोन पिढ्यांनी दोनदा सामान बांधायचं, याला शहर सुधारणं म्हणतात.

१९८६ मध्ये सरकारने एक धाडसी पाऊल उचललं. म्हाडा कायद्यात नवं प्रकरण घातलं, की इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर उपकरप्राप्त इमारत आणि जमीन मालकाकडून घेता येईल. मोबदला मासिक भाड्याच्या शंभरपट. भाडं १९४० चं असताना शंभरपट म्हणजे किती होतात, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. मालकांची संघटना न्यायालयात गेली. ते प्रकरण वाढत वाढत नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापर्यंत पोहोचलं आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल लागला, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ मानता येणार नाही. देशभर या निकालाची चर्चा झाली ती घटनेतल्या एका कलमापुरती. या खटल्याचं मूळ टेकू लावलेल्या चाळींत होतं, हे बातम्यांच्या तळाशी राहिलं.

तोवर रहिवाशांनी दुसरी वाट धरली होती, बिल्डरची. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतलं कलम ३३(७) हे गिरगावातल्या गृहिणींनाही तोंडपाठ आहे. जुन्या भाडेकरूला फुकट घर द्यायचं आणि त्या बदल्यात बिल्डरला जादा चटई क्षेत्र मिळायचं. न्यूयॉर्कने १९६८ मध्ये वारसा इमारतींच्या डोक्यावरचं न वापरलेलं बांधकाम शेजारच्या भूखंडावर नेण्याची मुभा दिली होती. हवा विकण्याची ती युक्ती मुंबईने हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, या नावाने उचलली आणि झोपडपट्टीपासून रस्त्यापर्यंत सगळ्याला लावली. चाळीच्या बाबतीत तर हवा तिथल्या तिथेच विकली गेली. भाडेकरूचं किमान माप २२५ झालं, मग ३००. बिल्डरचा टॉवर मात्र फुटांत मोजायचा नसतो, मजल्यांत मोजायचा असतो.

गिरगावात त्यामुळे काय झालं, हे गुढीपाडव्याला दिसतं. शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी त्या दिवसापुरत्या डोंबिवली, ठाणे किंवा बोरिवलीहून आलेल्या असतात. खोली विकून उपनगरात दोन खोल्यांचा फ्लॅट घेण्याचा निर्णय कोणी त्यांच्यावर लादला नव्हता; पावती होती म्हणूनच विकायला काहीतरी होतं. ज्या मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट लागला, तिथे आता त्याच नावाचं शॉपिंग सेंटर आहे. खोताच्या वाडीत लाकडी जिन्यांची काही घरं अजून तग धरून आहेत. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासूनचा गणपती अजून बसतो. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो गिरगावला थांबते आणि स्टेशनच्या कामासाठी हललेल्या कुटुंबांचं पुनर्वसनही पावती पाहूनच ठरलं.

आता दुसरी बाजू. ज्यांच्याकडे पावती नव्हती, त्यांची.

१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला कापड गिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या अर्धशतकात परळ-लालबागभोवती गिरणगाव उभं राहिलं. गिरण्यांखाली सुमारे सहाशे एकर जमीन होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला, आणि त्याबरोबर गिरण्याही. संपाच्या काळात ज्या कुटुंबाकडे भाड्याची खोली होती, ते कसंबसं तगलं. पण गिरणीच्या जमिनीवर कामगाराचा हक्क सांगणारी एकही ओळ कोणत्या कायद्यात नव्हती. तीस-तीस वर्षं साच्यावर उभं राहून त्याच्याकडे काय होतं? तिकीट नंबर, हजेरी कार्ड आणि ईएसआयचं पुस्तक.

१९९१ च्या त्याच नियमावलीतल्या कलम ५८ ने ती ओळ लिहिण्याचा प्रयत्न केला. गिरणीची जमीन विकसित करायची, तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांसाठी आराखडा दिला. मैदानं, रस्ते, घरं आणि कार्यालयं एकत्र आखलेली. तो बासनात गेला. मालक मात्र गिरणी चालू दाखवून आतल्या शेडमध्ये दुकानं आणि करमणूक थाटत होते. फिनिक्स गिरणीत तर बोलिंगचा खेळ आला. मग २००१ मध्ये नियमात चार शब्दांची दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची करायची नाही, फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची. इमारतींनी गच्च भरलेल्या गिरणीत रिकामी जमीन असणार किती? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या दुरुस्तीविरुद्ध दाद मागणाऱ्या पर्यावरणवाद्यांच्या बाजूने कौल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान, २००५ मध्येच लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना आणि दादरची कोहिनूर क्रमांक ३ ही ४२१ कोटींना विकली गेली होती.

त्या जमिनींवर कार्यालयं आली, मॉल आले. गल्ल्या, पूल आणि स्टेशनं मात्र गिरणीच्या काळातलीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. तीनच महिन्यांनी कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४ जण गेले. एक तृतीयांश मोकळी जागा कशासाठी मागितली होती, याचं याहून वेगळं स्पष्टीकरण द्यायला नको.

कामगारांना जे थोडंफार मिळालं, ते दत्ता इस्वलकर यांच्यासारख्या माणसांच्या चिकाटीमुळे. मॉडर्न मिलचे हे कामगार १९८९ मध्ये बंद गिरण्यांच्या कामगारांची संघर्ष समिती उभी करून बसले आणि २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत उठले नाहीत. २०१२ मध्ये म्हाडाने कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्ज मात्र लाखाच्या वर होते. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर आपण कामावर होतो हे सिद्ध करायला म्हातारी माणसं गावच्या माळ्यावरून तीच हजेरी कार्डं शोधून आणतात.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या बदल्यात ५०० फूट, चाळिसाव्या मजल्यापर्यंत जाणाऱ्या इमारतींत, त्याच वरळीत. नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग, म्हणजे जुना डिलाईल रोड, इथल्या चाळींचंही काम चालू आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्या खोल्या कोणी फुकटही घेत नव्हतं, त्यांच्या भाडेकरूंना शहराने दिलेला हा सर्वांत मोठा मोबदला आहे, आणि तो त्यांनी जागा न सोडता मिळवला.

त्याच्या महिनाभर आधी, ९ जुलै २०२५ ला, गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात जमले होते. घर मुंबईतच द्या, एवढीच त्यांची मागणी होती. सरकारने त्यांच्यासाठी देऊ केलेली घरं शेलू आणि वांगणीला आहेत. शेलू हे कर्जतच्या वाटेवरचं, नेरळच्या अलीकडचं स्टेशन आहे.